साबणाच्या डबीतला संगणक

दसरा झाला की आमच्या घरी माळा काढण्याचा सोहळा असतो. मी शिडीवर, सौ. पदर खोचून खाली, आणि आई खुर्चीत बसून ‘ते टाकू नका’ एवढेच म्हणायला. गेल्या वर्षी या सोहळ्यात जुन्या चादरीत बांधलेले अण्णांच्या संगणकाचे खोके खाली आले. सौ. म्हणाली, “हे आता भंगारात द्यायचं ना?” आई या वेळी काहीच बोलली नाही. उठली आणि आत गेली. आई बोलत नाही तेव्हा तिचे म्हणणे काय असते, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. खोके राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यात त्यांनी हयातभर मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. अण्णांनी शब्द गोळा करायला घेतले. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे! विहिरीवर आधी इंजिन आले, मागून विजेचा पंप आला आणि मोट गेली. ‘मोट गेली तर जाऊ दे, तिच्याबरोबर तिचे शब्द कशाला जायला हवेत?’ असे अण्णा म्हणत. २००१ साली त्यांनी कुणाचा तरी वापरलेला संगणक घेतला आणि दोन बोटांनी टंकून दहा वर्षांत चार हजारांवर शब्द अर्थांसह त्यात भरले. ‘सगळे पुरे झाले की एकदम छापू’, असे म्हणता म्हणता २०१२ साली अण्णा गेले. कोश छापायचा राहिला. मी मराठीचा अध्यापक, वर्गात कोशवाङ्मयाचे महत्त्व सांगणारा. आणि वडिलांचा कोश एक तप माळ्यावर धूळ खात पडला. हे कबूल करताना आजही मान खाली जाते.

घरातलीच सकळ लिपी

खोके जोडून पाहिले. पंखा क्षणभर फिरला, एक बारीकशी शिटी वाजली आणि सारे शांत झाले. दुरुस्तीवाला म्हणाला, “सर, आतला बोर्ड गेला. पण डिस्क चांगली दिसतेय.” एवढ्यावर मला आशा वाटली. ती डिस्क कॉलेजातल्या संगणकाला जोडली, अण्णांची फाईल उघडली आणि पाहतो तर काय, मराठीचे एक अक्षर नाही! रोमन अक्षरे, उलटे स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे, असा सगळा गोपाळकाला.

कारण पुढे कळले. त्या काळी मराठी टंकण्याचे जे प्रोग्रॅम मिळत, त्यांतले बरेचसे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. कोणत्या जागी कोणता तुकडा, हे ज्याचे त्याने ठरवलेले. तो विशिष्ट प्रोग्रॅम आणि त्याचा टंक असेल तरच मजकूर वाचता येणार. अण्णांच्या प्रोग्रॅमला तर संगणकाच्या पाठीमागच्या रुंद भोकात एक खुंटी लावावी लागे. ती असली तरच दार उघडायचे. खुंटी सापडली, पण नव्या संगणकांना ते भोकच नाही! आणि तो प्रोग्रॅम विकणाऱ्यांनी ते दुकान केव्हाच आवरते घेतले होते.

मला वर्गात शिकवलेली एक गोष्ट आठवली. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या. वाळवी लागली नाही, आगीत गेल्या नाहीत. पण लिपीची किल्ली पंथाबाहेर कोणाजवळ नसल्यामुळे मराठी गद्याचे ते वैभव शतकानुशतके उरलेल्या महाराष्ट्राला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांच्या हाती किल्ली आली, तेव्हा कुठे ते उजेडात आले. महानुभावांनी निदान जाणूनबुजून कुलूप घातले होते. अण्णांनी आपला कोश कुलुपात घातला तो नकळत.

अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बी.ए.ला मराठी घेऊन मग संगणकाकडे वळलेला. हकीकत ऐकून म्हणाला, “सर, मी रविवारी माझा संगणक घेऊन येतो.” रविवारी आला तो रिकाम्या हातांनी. मी म्हटले, “अरे, संगणक कुठे आहे?” त्याने खिशातून प्लास्टिकची एक साबणाची डबी काढली. डबीला बाजूंनी भोके पाडलेली आणि आत पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पाटी. रास्पबेरी पाय तिचे नाव. तिला त्याने आमचा टी.व्ही. जोडला, एक कळफलक जोडला, मोबाइलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरमधून वीज दिली. आणि बातम्यांच्या टी.व्ही.चा बघता बघता संगणक झाला. सौ. चहा घेऊन आली ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

पाककृती एक, चुली अनेक

“यात अण्णांचा प्रोग्रॅम चालेल?” मी विचारले.

“तो मुळीच चालणार नाही, सर. या पाटीची भाषाच वेगळी.”

मग त्याने जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची स्वतःची एक यंत्रभाषा असते. अण्णांच्या संगणकाचे घराणे इंटेलचे. डबीतल्या पाटीचे घराणे ‘आर्म’चे. हे दुसरे घराणे इंग्लंडातल्या केंब्रिजचे. तिथल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेली त्याची पहिली चकती १९८५ साली चालू झाली. तिला वीज इतकी थोडी लागे, की चाचणीच्या वेळी तिची मुख्य वीज जोडलेलीच नव्हती, तरी आजूबाजूच्या तारांतून झिरपलेल्या विजेवर ती चालत राहिली! आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये याच घराण्याची संतती नांदते आहे.

एका घराण्यासाठी यंत्रभाषेत तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्या घराण्याला ओ की ठो कळत नाही. मग डबीत लिनक्स कसे चालते? तेच लिनक्स मोठमोठ्या संगणकांवर चालते, तेच इथे. याचे मूळ अर्धशतकापूर्वीच्या एका निर्णयात आहे.

अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत १९६९ साली केन थॉम्पसन याने युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा संसार चालवणारी कारभारीण, लिहायला घेतली. तेव्हाच्या बहुतेक कारभारणींप्रमाणे तीही एकाच यंत्राच्या भाषेत लिहिलेली होती. यंत्र बदलले की संसार नव्याने मांडायचा. त्याचा सहकारी डेनिस रिची याने ‘सी’ नावाची भाषा घडवली, आणि १९७३ साली दोघांनी युनिक्स त्या भाषेत पुन्हा लिहून काढले. ‘सी’ ही कोणत्याच यंत्राची भाषा नाही. कंपायलर नावाचा दुभाषा तिचे त्या त्या यंत्रभाषेत रूपांतर करतो.

गृहिणींना हे चटकन कळेल. पुरणपोळीची कृती ‘आमच्या चुलीत तीन लाकडे सारा, उजवे जरा मागे ओढा’ अशी लिहिली, तर ती त्या चुलीपुरतीच. पण डाळ किती, गूळ किती, पुरण किती आटवायचे हे एकदा लिहून ठेवले, की चूल असो, शेगडी असो वा गॅस असो, फक्त आचेपुरता भाग बदलायचा. युनिक्सचे तसेच झाले. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर याने ते इंटरडेटा नावाच्या अगदी वेगळ्या यंत्रावर चालवून दाखवले. खुद्द बेल लॅबोरेटरीजमध्येही त्याच सुमारास असाच प्रयोग झाला. कारभारीण प्रथमच माहेर सोडून परक्या घरी नांदली.

एक टीकाग्रंथ आणि त्याच्या चोरट्या प्रती

पण कृती लिहिलेली असून भागत नाही. ती शेजारणीला देण्याचे मनही लागते. बेल लॅबोरेटरीजची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाचा व्यापार करण्याची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स तिने विद्यापीठांना अल्प किमतीत दिले, तेही मूळ संहितेसह. विद्यार्थी संहिता वाचत, चुका काढत, भर घालत.

इथे मला आमच्या वाङ्मयाची आठवण करून देणारा एक माणूस भेटला: जॉन लायन्स. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातला हा प्राध्यापक. त्याने १९७६ च्या सुमारास युनिक्सच्या गाभ्याची संहिता, दहा हजारांच्या आतल्या ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापल्या आणि त्यांवर भाष्य लिहिले. आपल्याकडे ग्रंथावर टीका लिहितात, अगदी तसे! १९७९ च्या आवृत्तीपासून कंपनीने संहिता वर्गात शिकवायला मनाई केली. टीकाग्रंथही बंद झाला. मग काय झाले असेल? प्रतींच्या प्रती, त्यांच्याही प्रती. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत जगभरचे विद्यार्थी तो वाचू लागले. उघडपणे तो प्रसिद्ध झाला १९९६ साली.

या मनाईची प्रतिक्रिया उमटल्याशिवाय राहिली नाही. रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ साली जाहीर केले की, युनिक्सच्या रीतीची पण सर्वांना खुली अशी सिस्टिम आपण नव्याने लिहिणार. तिचे नाव ग्नू. १९८७ साली त्याने खुला दुभाषा, म्हणजे कंपायलर, लोकांपुढे ठेवला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम याने विद्यार्थ्यांना शिकवण्यापुरते मिनिक्स लिहिले. त्यावर शिकता शिकता हेलसिंकीचा लिनस टोर्व्हाल्ड्‌स हा विद्यार्थी १९९१ साली स्वतःच एक गाभा लिहून बसला. तेच लिनक्स. गंमत अशी, की पहिल्या निवेदनातच त्याने बजावले होते, हे इंटेलच्या ३८६ प्रोसेसरपुरतेच आहे, दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगे नाही. पण संहिता खुली होती. १९९४ पासून इंग्लंडात रसेल किंग ते आर्म घराण्यावर नेऊ लागला. लेखकाने ‘होणार नाही’ म्हटलेले वाचकांनी करून दाखवले!

याच कुळातली दुसरी शाखा बर्कले विद्यापीठातून निघाली. तिच्यातले १९९३ चे नेटबीएसडी तर कोणत्याही यंत्रावर नांदण्यालाच आपले व्रत मानते. जुनी प्रचंड व्हॅक्स यंत्रे, मुलांचा ड्रीमकास्ट हा खेळाचा डबा, अशा पन्नासाहून अधिक प्रकारच्या यंत्रांवर ते चालवले गेले. २००५ साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात तर चक्क पाव भाजायच्या टोस्टरमध्ये आर्मची पाटी बसवून त्यात नेटबीएसडी चालवून दाखवले. सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “पाव नीट भाजला का, ते सांगा आधी.”

थट्टा सोडली तर या खटाटोपाचा गरिबाला फार उपयोग झाला. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहान गावच्या शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे संगणक आले, त्यांत लिनक्सच होते. आणि केंब्रिजच्या एबेन अप्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी, मुलांनी पुन्हा संगणकाच्या अंतरंगात हात घालावा म्हणून, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विकायला काढली. किंमत ३५ डॉलर. तिच्यासाठी नवी कारभारीण लिहीत बसावे लागते, तर ही किंमत शक्यच नव्हती. डेबियन ही १९९३ पासून हजारो स्वयंसेवकांनी सांभाळलेली लिनक्सची मांडणी तयारच होती. तीच थोडी बेतून घेतली.

माणदेशात समुद्र

आता पुन्हा आमच्या दिवाणखान्यात. विद्यार्थ्याने जोडपट्टी लावून अण्णांची डिस्क डबीला जोडली. फायलींची यादी झरझर टी.व्ही.वर आली. मजकूर अर्थात तसाच अगम्य. पण अण्णांच्या कपाटात कोशाची पहिली बारा पाने कागदावर छापलेली सापडली होती. तीच आमची किल्ली. कागदावर ‘मोट’ आणि पडद्यावर तीन विचित्र चिन्हे. मग ‘म’ कोणता, काना-मात्रा कोणती, ‘ट’ कोणता हे जुळवत गेलो. तीन रविवारांत तक्ता तयार झाला. त्याने एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि आजच्या युनिकोडमध्ये नंतर; रफाराचे नेमके उलटे. या साऱ्या अदलाबदली त्याने त्यात घातल्या आणि कळ दाबली. पडद्यावर मराठी उमटली. अण्णांची मराठी! मला क्षणभर चष्मा पुसावा लागला.

पण वाचू लागलो तो एका ठिकाणी अडखळलो. ‘घळ: डोंगरातल्या अरुंद दर्या.’ माणदेशात, जिथे पाऊसही बिचकत येतो, तिथे समुद्र! अण्णांनी लिहिले होते ‘दऱ्या’. आमच्या तक्त्याने रफार आणि अर्धचंद्रासारखा मराठी ‘ऱ्’ दोन्ही एकच मानले होते. शेतकऱ्यांचा शेतकर्यांचा झाला होता, आणि लग्नातल्या आचाऱ्यांना एकदम आचार्यपद मिळाले होते. परभाषिकाला ही चूक दिसलीही नसती.

“सर, अशा जागा सगळ्या काढू,” तो म्हणाला, आणि त्याने ‘ग्रेप’ ही आज्ञा दिली. फाईलमधले हवे ते अक्षर असलेली प्रत्येक ओळ ती निमिषात पुढे ठेवते. ही युक्ती थॉम्पसनने १९७० च्या दशकात युनिक्ससाठी लिहिली. त्याच नावाने, त्याच रीतीने ती साबणाच्या डबीत काम करीत होती. दीडशेवर ओळी निघाल्या. कुठे रफार खरा, कुठे खोटा, हे यंत्र सांगू शकत नव्हते. ते मी सांगायचे आणि त्याने सुधारायचे. मराठीच्या एम.ए.चा घरात प्रथमच प्रत्यक्ष उपयोग झाला, असे सौ.चे मत पडले.

मी म्हटले, “या डबीने कमाल केली.” तो लगेच म्हणाला, “डबीनं नाही, सर. हेच काम कुठल्याही संगणकावर झालं असतं. माझ्याकडे ही होती, आणि माझी हत्यारं हिच्यावर चालतात, एवढंच.” मला वाटते, सारे मर्म त्या ‘एवढंच’मध्ये आहे. अण्णांच्या प्रोग्रॅमला एकच घराणे, एकच भोक आणि एकच खुंटी लागत होती. त्यातले एक गेले आणि दहा वर्षांची मेहनत मुकी झाली. या पोराच्या हत्यारांची कृती उघड लिहिलेली होती, म्हणून ती हाताशी असलेल्या चुलीवर चढली.

आंधळी भक्ती नको

खुलेपणाचे हे गुणगान ऐकून कोणी घरातले संगणक उद्याच मोडीत काढू नयेत. डबी मोठ्या संगणकापेक्षा मंद आहे. तिची स्मरणपट्टी अचानक दगा देते, म्हणून दुसरी प्रत ठेवावीच लागते. काही प्रोग्रॅम फक्त इंटेल घराण्यासाठी विकले जातात, ते तिच्यावर चालत नाहीत. शिवाय ही पाटी जागी होताना जो पहिला प्रोग्रॅम चालतो त्याची संहिता बंद आहे. म्हणजे घर खुले, पण उंबऱ्याला कुलूप आहेच.

खुली मंडळीही जुन्याला कायमचे सांभाळतात असे नाही. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मले, त्याचा आधार लिनक्सने २०१२ च्या डिसेंबरात सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या जुन्या इंटेल संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय उरली नाही. अण्णांचा संगणक त्याच पिढीचा. मात्र इथे सोडून देणे आणि कुलूप लावणे यांत फरक आहे. जुन्या आवृत्त्यांची संहिता जिथल्या तिथे आहे. ज्याला गरज आणि हौस असेल, त्याने ती उचलावी. नेटबीएसडीची मंडळी आजही त्या यंत्रांना धरून आहेत.

आणि त्याच तेराव्या आवृत्तीत ‘रिस्क-फाइव्ह’ या नव्या घराण्याला मानाचे पान मिळाले. २०१० साली बर्कलेत जन्मलेल्या या घराण्याची यंत्रभाषाच सर्वांना खुली आहे. कोणीही तिच्यावर प्रोसेसर घडवावा. आपल्या मद्रासच्या आय.आय.टी.ने ‘शक्ती’ नावाचे प्रोसेसर याच भाषेवर घडवले आणि २०१८ साली त्यावर लिनक्स चालवून दाखवले. म्हणजे आता कृतीबरोबर चूलही आपण बांधू शकतो.

आपल्यापुरते सांगायचे तर घरोघरी अण्णा आहेत. कोणाच्या आत्याच्या पाककृती, कोणाच्या आजोबांच्या आठवणी, कोणाच्या आजीच्या ओव्या कुठल्या तरी जुन्या संगणकात पडून आहेत. यंत्र चालू आहे तोवर त्या बाहेर काढा. मराठी असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या, कोणत्याही यंत्राला वाचता येईल अशा साध्या फाईलमध्ये ठेवा, दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत कागदावर काढा. आम्हाला त्या बारा कागदांनी तारले, हे विसरू नका.

आम्ही अण्णांच्या कोशाची एक प्रत छापून, बांधून आईच्या हाती दिली. तिने ती चार दिवस घेतली. पाचव्या दिवशी मला हाक मारून ‘सोंदूर’ या शब्दापाशी बोट ठेवले.

“हे चुकलंय रे. ह्यांनी दोन्ही दोर वरच्या चाकावरून सांगितलेत. नाडा वरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या लाकडी रुळावरून. लहानपणी माझ्या वडिलांच्या मोटेवर मी रोज बघत होते.”

“मग अण्णांना तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“त्यांनी दाखवलं कुठं? त्या पेटीत घालून ठेवत होते सगळं.” मग जरा थांबून तिने विचारले, “आता बदलता येईल का?”

मी डबी टी.व्ही.ला जोडली, फाईल उघडली आणि आईला शेजारी बसवून घेतले. ती सांगत गेली, मी टंकत गेलो. ‘सोंदूर’ झाल्यावर ती म्हणाली, “आता ‘थारोळे’ काढ. तिथेही मला थोडं बोलायचंय.”